ऊद, उदमांजर की पाणमांजर? (आणि त्याच्या विष्ठेला काय म्हणायचं?)

कच्चा खर्डा:
नदीकाठच्या प्राण्यांच्या खुणा ओळखायला शिकवणारी एक छोटी पुस्तिका शाळकरी मुलांसाठी मराठीत करतोय. ऑटरपाशी अडलो. तिघांनी मजकूर दिला: एकाने 'ऊद' लिहिलंय, दुसऱ्याने 'उदमांजर', तिसऱ्याने 'पाणमांजर'. तिन्ही एकच का? शिवाय इंग्रजीत याच्या विष्ठेला 'स्प्रेंट' आणि घराला 'होल्ट' असे खास शब्द आहेत. आपल्याकडे तसं काही आहे, की 'विष्ठा' आणि 'बीळ' यांवरच भागवायचं?

पाणकावळा:
पाणमांजर म्हणजे ऑटर, त्यात वाद नाही. पाणकोंबडी, पाणघोडा, पाणकणीस यांच्याच पंगतीतला सरळ शब्द. उदमांजर मात्र आज बहुतेकांच्या तोंडी सिव्हेट, म्हणजे कांडेचोर. रात्री माळ्यावर धावणारा, पिकल्या फळांवर ताव मारणारा. पुस्तिकेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले तर मुलं नदीकाठचा प्राणी आंब्याच्या झाडावर शोधतील.

जोडाक्षर:
गंमत अशी की मुळात 'ऊद' हाच ऑटर. संस्कृत उद्र, प्राकृत उद्द, त्यावरून ऊद. याच कुळातले रशियन 'विद्रा', लिथुआनियन 'ऊद्रा' आणि खुद्द इंग्रजी 'ऑटर'. सगळ्यांच्या मुळाशी पाणी आहे, आपल्या 'उदक'मधलं. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे आजही ऑटरच, बंगालीत उदबिडालही तोच. मराठीत तेवढी 'मांजर' जोडल्यावर गाडी सिव्हेटकडे वळली. माझा तर्क: उदबत्तीतला ऊद अरबीतून आलेला, सुवासिक राळेचा. कांडेचोराच्या अंगालाही वास असतो, म्हणून लोकांनी दोन ऊद एक केले असावेत. पुरावा मागू नका.

जाता जाता: 'ऊदचं बीळ' लिहू नका, 'उदाचं बीळ'. मूल-मुलाचं तसं ऊद-उदाचं.

सीमेपलीकडून:
मांजरच का, हाही प्रश्न आहेच. कन्नडमध्ये नीरुनायी, मल्याळममध्ये नीर्नाय, तेलुगूत नीटिकुक्क. सगळीकडे पाण्यातला कुत्रा! गुजरातीत पुन्हा जळबिलाडी. म्हणजे आपण उत्तरेच्या बाजूने मत दिलं. प्राणी बिचारा दोन्ही नाही, तो विजल (इंग्रजीत वीझल) कुळातला.

पाणकावळा:
मान पाण्याबाहेर काढून बघतो तेव्हा मात्र कुत्राच वाटतो. कन्नडवाल्यांना माझं मत.

तेरेखोलकाठ:
नावाच्या घोळाने मी एकदा तोंडावर पडलोय, म्हणून सविस्तर लिहितो. एका नोंदवहीत मी 'उदमांजराचे ठसे, नदीकाठ' असं लिहिलं होतं. वहीवर पुढे काम करणाऱ्याने ते सिव्हेटच्या रकान्यात टाकलं. चूक त्याची नाही, माझ्या शब्दाची. आणि ठशांवरून त्याला कळायला हवं होतं म्हणावं, तर सिव्हेटलाही पाच बोटं उमटतात आणि उदालाही! कुत्रा चार बोटांवरून लगेच बाद होतो, हे दोघे होत नाहीत. उदाचा ठसा चांगला मोठा, पसरट, बोटं पंख्यासारखी फाकलेली. बोटांमधला पडदा फक्त ओल्या, मऊ गाळात उमटतो, कोरड्या वाळूत शोधत बसू नका. कधी ठशांच्या मधून शेपटी ओढल्याची रेघ जाते.

त्या दिवशी वाळूच्या पट्ट्यावर साधारण सतरंजीएवढी जागा तुडवलेली होती. वाळू लोळून सपाट झालेली, आणि तिच्यावर जागोजाग काळपट, ढिसूळ पो. एक काडीने फोडला: माशांचे खवले, सुईसारखे काटे, कुर्लीच्या कवचाचे केशरी तुकडे. वास सुक्या मासळीच्या जवळचा. सिव्हेटच्या विष्ठेत फळांच्या दिवसांत बिया निघतात. ठशांनी दगा दिला तरी इथे फसायला होत नाही.

आपल्या कोकण-गोव्यात प्रामुख्याने दिसतो तो मऊ केसांचा मोठा ऊद. तो कुटुंबकबिल्याने राहतो, आणि सगळे एकाच जागी येऊन कार्यभाग उरकतात. पलीकडे घाटमाथ्याने दक्षिणेत, कूर्ग-निलगिरीकडे, आखूड नखांचा लहान ऊद मिळतो. त्याच्या विष्ठेत कुर्ल्यांचाच चुरा जास्त.

कच्चा खर्डा:
म्हणजे ती सतरंजीएवढी जागा... तिला काय म्हणायचं?

जोडाक्षर:
हागणदारी. तयार शब्द आहे, शासनाने घराघरांत पोचवलाय.

कच्चा खर्डा:
शाळेतल्या बाई मला उभं करतील.

जोडाक्षर:
मुलं मात्र तोच शब्द लक्षात ठेवतील. विष्ठेसाठी कोणी 'मत्स्यमल' वगैरे घडवायला बसायच्या आत सांगतो, नको. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखरांची शीट असे बारीक भेद आपण करतो, पण ते ज्यांच्याशी रोजचा संबंध त्यांच्यापुरते. उदाशी संबंध फक्त मासे धरणाऱ्यांचा. त्यांना विचारा.

खाडीवरचा:
विचारायची गरज नाही, आमचे काका रोज जाळं टाकतात. ते नाम वापरतच नाहीत. 'हय ऊद हगलो' म्हणतात, की झालं. आणि जाळ्याला भोक पडलेलं दिसलं की उदाला जी विशेषणं लावतात ती पुस्तिकेत घेऊ नका. घराला 'बीळ'च, पण बीळ म्हणजे उकरलेलंच असं नाही. काठाच्या झाडाच्या मुळांखाली पोकळी असते, खडकाची कपार असते. गोव्यात चोडण बेटाच्या बाजूला खारफुटी आणि खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधांवर त्यांचा वावर असतो. पहाटे तिथे मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, गप्प उभं राहावं. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, मग पाण्यावर बुडबुड्यांची रांग, मग डोकं.

पाणकावळा:
डोकं बघून पुष्कळदा मगर किंवा घोरपड वाटते. बुडताना बघा: पाठ कमानीसारखी वळते आणि शेवटी शेपूट वर येऊन आत जाते. मगर नुसती खाली बसते.

कच्चा खर्डा:
ठरलं. मथळ्यात 'पाणमांजर', खाली 'याला ऊद असंही म्हणतात', आणि 'उदमांजर' फक्त कांडेचोराच्या पानावर. विष्ठेला विष्ठाच. 'हागणदारी' ठेवतोय, तक्रार आली तर जोडाक्षर यांचा पत्ता देईन.

तेरेखोलकाठ:
चित्रकाराला मात्र 'पाणमांजर' एवढंच सांगू नका, तो मांजराचंच शेपूट काढेल. बुडाशी जाड आणि टोकाकडे चपटं होत गेलेलं हवं.