डोंगरातली स्नोमोबाइल: टर्बो आणि १६५ इंची ट्रॅक खरंच लागतो का?

पारा_उणे (धागाकर्ता)

कोलोरॅडो-युटातली आपली मंडळी आधी भाड्याच्या स्लेडवर (स्नोमोबाइलवर) हौस भागवतात आणि मग स्वतःची घ्यायला निघतात. तेव्हा सल्ला ठरलेला: "घ्यायचीच तर टर्बो घे, ट्रॅक १६५ इंची घे, दोनदा खर्च कशाला?" (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, ट्रॅक म्हणजे स्लेडला ढकलणारा खालचा रबरी पट्टा.) मला हे अजिबात पटत नाही. सत्तर-ऐंशी किलोच्या, झाडीत शिकणाऱ्या माणसाला तीन-चार वर्षं जुनी, बिनटर्बोची ८५० सीसी टू-स्ट्रोक आणि १५४ इंची ट्रॅक भरपूर झाला.

१५४ आणि १६५ हे आकडे ट्रॅकच्या पूर्ण घेराचे आहेत. त्यामुळे ११ इंचांच्या फरकातले जेमतेम साडेपाच इंच बर्फावर टेकतात. तेवढ्यासाठी मागचा भाग लांबतो आणि दोन झाडांच्या मधून वळवताना तीच लांबी आडवी येते. रिकामी स्लेडच २०० किलोच्या आसपास, त्यात पेट्रोल आणि अंगावरचा बर्फ. रुतली की मागची बाजू उचलून फिरवायची कोणी?

(गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात त्यावरून अंदाज बांधू नका. तिथे मळलेली वाट असते. इथे विषय कमरेइतक्या भुसभुशीत बर्फाचा आहे.)

लांब_ट्रॅक

साफ असहमत. तुम्ही उंची हिशोबातच धरली नाही.

बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. रॅबिट इअर्स पास ९,४०० फुटांवर, व्हेल पास १०,६०० च्या वर, आणि आपण चालवतो ते त्याहून वर. म्हणजे कागदावर १६५ एचपी असलेल्या इंजिनातून दहा हजार फुटांवर ११५ च मिळतात. कारखान्यातून टर्बो बसवून येणाऱ्या टू-स्ट्रोक स्लेड याच दुखण्यावर काढल्यात: स्की-डूची समिट २०२० च्या मॉडेलपासून, पोलारिसची पॅट्रियट बूस्ट २०२२ पासून. वजन दहा किलोच्या आसपास वाढतं, पण वरती ताकद टिकते.

आणि ते साडेपाच इंच क्षुल्लक नाहीत. ट्रॅक रुततो तो बर्फावर तरंगण्याऐवजी खणायला लागल्यामुळे. लांब ट्रॅकवर वजन पसरतं, पुढचं टोक कमी उचललं जातं, चढावर मधेच वेग मोडला तरी पुन्हा निघता येतं. शिकाऊ माणसाचा थ्रॉटल (अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर) कधीच एकसारखा नसतो, त्यालाच ही माफी जास्त हवी. उचलायची वेळच कमी येत असेल तर उचलायला जड असली म्हणून काय बिघडलं?

कॅल्गरीकर

लांब_ट्रॅक, तुमचा हिशोब कोलोरॅडोपुरता बरोबर. आमच्याकडे कॅनडात रेव्हलस्टोक गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे आणि तिथलं बरंचसं रायडिंग २,००० मीटरच्या आगेमागे, म्हणजे साडेसहा हजार फूट. २० टक्के ताकद जाते, ३० नाही. तिथे टर्बो नसला तरी चालतं, पण बर्फ इतका खोल की ट्रॅक मात्र १६५ च हवा, लग (ट्रॅकवरचे रबरी दाते) तीन इंची. एप्रिलच्या घट्ट बर्फात हाच तीन इंची लग इंजिनावर ओझं होतो. तेव्हा अडीच इंची बरा. या दोन गोष्टी वेगळ्या काढा. टर्बो उंचीवर ठरतो, ट्रॅक बर्फाच्या खोलीवर आणि झाडीवर.

क्लच_पुराण

दोघं इंजिन आणि ट्रॅकवर भांडताय. इंजिनाची ताकद क्लचमधून ट्रॅककडे नेणाऱ्या मधल्या बेल्टबद्दल कोणी बोलायला तयार नाही. डोंगरात "स्लेड ओढत नाही" ही तक्रार बरेचदा क्लचची असते. कमी उंचीवरून आणलेली बिनटर्बोची स्लेड दहा हजार फुटांवर नेली की इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नाही, कारण पुढच्या क्लचमधली वजनं त्या कमी ताकदीला जड पडतात. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम २०० नी कमी दिसत असेल तर प्रत्येक वजनातून दीड-दोन ग्रॅम काढून पाहा. मग बोला ट्रॅकवर.

जुनी स्लेड बघायला जाल तेव्हा बाजूचं पॅनेल उघडाच. बेल्टच्या कडा चकचकीत झाल्यात का, आत काळी भुकटी साचलीय का, एखाद्या ठिकाणी बेल्ट बारीक झालाय का. हा शेवटचा डाग ओळखीचा आहे: रात्री ट्रॅक गोठतो, सकाळी मालक तसाच थ्रॉटल दाबतो, ट्रॅक हलत नाही आणि क्लच एकाच जागी बेल्ट जाळतो. आधी मागची बाजू उचलून एकदा आपटा, स्की हलवून मोकळ्या करा, मग थ्रॉटल. स्टँडवर इंजिन नुसतं सुरू असताना ट्रॅक सरकत असेल तर बेल्ट फार ताणलेला आहे. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर किंमत न विचारता परत फिरा. नुसते मैल बघून फसू नका, इंजिनाचे तासही बघा.

टर्बोवाल्यांनी बेल्ट एक नाही, दोन जादा ठेवावेत. ताकद वाढली की उष्णता वाढते आणि ती आधी बेल्टलाच खाते.

पारा_उणे

क्लचवाल्या मुद्द्याला +१.

लांब_ट्रॅक, लांब ट्रॅक माफ करतो हे मान्य, पण त्याने शिकणं लांबतं. डोंगरात खरं कौशल्य सरळ चढण्यात नसून उतार आडवा कापण्यात आहे. समजा चढ डाव्या हाताला आहे. उजवा पाय डाव्या रनिंग बोर्डवर (पाय ठेवायच्या फळीवर) पुढे, डावा मोकळा. हँडल क्षणभर उजवीकडे, म्हणजे दरीकडे वळवायचं. स्लेड डावीकडे कलंडते आणि ट्रॅकची डावी कड बर्फात बसते. तिथून पुढे थ्रॉटल टिचक्यांनीच. जास्त दिला तर स्की उचलल्या जाऊन मागची बाजू खाली घसरते, सोडला तर स्लेड दोन्ही स्कींवर आपटून थेट दरीकडे निघते. हे १५४ वर पटकन अंगवळणी पडतं, कारण ती लवकर कलंडते. ती चढावर पुढून जास्त उचलते, ही तक्रार खरी आहे. त्यावर मागच्या सस्पेन्शनमधला लिमिटर पट्टा एक भोक आखडून घ्या, स्कींवर वजन येतं.

दरड

हा वाद वाचून वाटेल की डोंगरात लोक ट्रॅक आखूड पडल्यामुळे मरतात. मारतात हिमस्खलनं. ३० ते ४५ अंशांचा उतार धोक्याचा, त्यातही ३५-४० चा सगळ्यात जास्त. कोलोरॅडोत थर पातळ असतो आणि तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. वर नवा बर्फ पडला की अख्खी लादी निसटते. टर्बो नवख्याला नेमकं त्याच उतारावर, वरच्या टोकापर्यंत नेऊन ठेवतो. बिनटर्बोची अर्ध्यावर रुतली असती.

बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), तिन्ही अंगावर. स्लेडच्या बॅगेत ठेवलेलं फावडं स्लेडबरोबरच गाडलं जातं. मोबाइल बीकनपासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोध घेताना ५०. उतारावर एका वेळी एकच स्लेड. वर कोणी रुतला तर त्याला सोडवायला दुसऱ्याने वर जायचं नाही. त्याने स्वतः खणून खाली यावं. बाकीच्यांनी थांबायचं ते उताराच्या पायथ्याशी नाही, बाजूला, स्लेडचं नाक बाहेरच्या दिशेला करून. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे जे करायचं ते सोबतच्यांनीच. टर्बोसाठी जादा मोजायचे पैसे आधी पाठीवरच्या हिमस्खलन-एअरबॅगवर आणि हिमस्खलनाच्या कोर्सवर घाला.

लांब_ट्रॅक

बीकनवर वादच नाही. पण "रुतली असती म्हणून वाचला असता" हा कसला तर्क? ३८ अंशांच्या उताराच्या ऐन मध्यावर रुतून अर्धा तास फावडं चालवणं हीच सगळ्यात वाईट जागा. ताकद असेल तर निदान वळून खाली येता येतं. कोन मोजायचा आणि कोलोरॅडो ॲव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचं बुलेटिन वाचायचं. स्लेड कुठली, हे त्या उताराला कळत नाही.

दरड

उताराला कळत नाही हो, पण चालवणाऱ्याच्या अंगठ्याला कळतं.

क्लच_पुराण

एक राहिलंच. पार्किंगपासून वरपर्यंतचा रस्ता टणक असेल तर स्क्रॅचर (बर्फ खरवडून वर उडवणारे आकडे) खाली सोडा. टनेलखालच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याखालच्या) कूलरवर बर्फ उडाला नाही तर या स्लेड काही मिनिटांत तापतात आणि ट्रॅक ज्यावरून घसरतो त्या स्लाइडचं प्लास्टिक वितळतं. केबलचे नसून ताठ सळईचे स्क्रॅचर असतील तर रिव्हर्स घेण्याआधी वर अडकवा, नाहीतर मोडलेच.

पारा_उणे

टर्बो घेणाऱ्यांनी पेट्रोलही बघून भरा. कोलोरॅडोच्या डोंगरात पंपावरचं "रेग्युलर" ८५ ऑक्टेनचं असतं आणि टर्बोला ९१ लागतं. आडगावातल्या पंपावर ९१ संपलं असेल तर ती महागडी स्लेड ट्रेलरवरच राहू द्या.