शर्मिला रेगे: वर्गातलं काम

स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्यावरच्या इथल्या चर्चेत त्यांच्या ग्रंथांबद्दल सगळ्यांनी भरभरून लिहिलंत. मला त्यांच्या शिकवण्याबद्दल भर घालायची आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात इंग्रजीला बिचकणारी, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठापर्यंत पोचलेली मुलंमुली मागे पडू नयेत, ही त्यांची तळमळ होती. २०१० सालचा फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनावरचा लेख त्यातूनच आला. दलित स्त्रियांची आत्मकथनं त्यांनी ज्ञान म्हणून वाचली, नुसती दुःखाची कहाणी म्हणून नाही. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम.

१३ जुलै २०१३ला त्या गेल्या. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो! स्मृतिव्याख्यानं जरूर व्हावीत, पण बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे या दलित लेखिकांची आत्मकथनं समाजशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात लागावीत, यासाठी आपण प्राध्यापकांनी अभ्यास मंडळांत भांडायला हवं.