मदत हवी आहे: अश्वगंधा घन १०:१ मिळेना, ५:१ वापरला तर चालेल का?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. आमची प्रोप्रायटरी (स्वतःच्या फॉर्म्युल्याची) आयुर्वेदिक कॅप्सूल आहे, साइज ०. मंजूर फॉर्म्युल्यात अश्वगंधा मुळाचा जलीय घन (पाण्यात काढून सुकवलेला अर्क) १०:१, म्हणजे दहा किलो मुळातून एक किलो, २५० मिग्रॅ. तो आता मिळत नाही. नीमच मंडीतून मूळ घेणारा दुसरा पुरवठादार ५:१ देतोय, ७० टक्के अल्कोहोलमधला, सीओएवर (तपासणीच्या दाखल्यावर) विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधातलं मुख्य द्रव्य, ५ टक्के. २५० ऐवजी ५०० भरलं की हिशेब जुळतो ना? की परवान्याचं काम निघेल?

पांझरा (धुळे)
कागदावर जुळतो, दोन्हीकडे अडीच ग्रॅम मूळ. पण भाऊ, विद्रावक (घन ज्यात काढला ते पाणी किंवा अल्कोहोल) तोच असेल तरच हा हिशेब खरा. पाण्यात साखरा जास्त उतरतात, ७० टक्के अल्कोहोलमध्ये विथॅनोलाइड. म्हणजे घनच वेगळा झाला. मंजुरी एकाची आणि आत दुसरंच असेल, तर औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या नियम १६१ प्रमाणे लेबलवर लागणारी घटकांची यादी खोटी ठरते आणि माल त्याच कायद्याच्या कलम ३३-ई खाली मिसब्रँडेड (खोट्या लेबलचा). आधी ई-औषधी या आयुषच्या परवाना पोर्टलवर नवा फॉर्म्युला टाका, मंजुरी आली की लेबल, मग बॅच. क्रम उलटा करू नका.

दिलासा एवढाच: नियम १५८-ब मध्ये पाण्याच्या किंवा पाणी-अल्कोहोलच्या घनाला, उपयोग ग्रंथोक्त असेल तर, सुरक्षिततेचा अभ्यास मागत नाहीत. हेक्झेन, ॲसिटोन आलं की विषाक्ततेपासून टेराटोजेनिसिटीपर्यंत (गर्भातल्या व्यंगाची तपासणी) सगळं लागतं.

तोरणमाळ (नंदुरबार)
मला तो ५ टक्क्यांचा आकडाच खटकतो. पाच किलो मुळातून एक किलो घन, त्यात ५० ग्रॅम विथॅनोलाइड. म्हणजे मुळात निदान १ टक्का हवं, तेही झाडून सगळं उतरलं तर. सुक्या मुळात सहसा इतकं नसतं. एक तर आकडा ग्रॅव्हिमेट्रिक (नुसत्या वजनावरून काढलेला, म्हणून फुगलेला) आहे, नाहीतर घनात पाला गेलाय. पाल्यात विथाफेरिन-ए (एक विथॅनोलाइडच) भरपूर असतं, आणि अश्वगंधाची पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना कळवलंय. सीओएवर 'मूळ' असं लिहून घ्या, एचपीएलसीचा (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) क्रोमॅटोग्राम म्हणजे आलेख मागवा आणि जुन्या बॅचच्या रिटेन्शन सॅम्पलसोबत (राखून ठेवलेला नमुना) एकाच प्लेटवर एचपीटीएलसी (घटकांचे पट्टे शेजारी दाखवणारी चाचणी) चालवा. माल्टोडेक्स्ट्रिन (भर म्हणून घालतात ती स्टार्चची पूड) किती तेही विचारा. ३० टक्के निघालं तर ५०० मिग्रॅत खरा घन ३५०च.

तापीकाठ
म्हणजे मूळ पावणेदोन ग्रॅमच पडतं! बरं झालं विचारलं. क्रोमॅटोग्राम आल्याशिवाय ऑर्डर देत नाही. फॉर्म्युला नवा टाकायचाच तर कॅप्सूल ०च ठेवू का?

पांझरा
बसणार नाही. ० मध्ये जागा ०.६८ मिली. स्प्रे ड्राय घनाची घनता ०.४५ धरली तर ५०० मिग्रॅला १.१ मिली लागते, ती ०० मध्येही (०.९५) मावत नाही. स्लगिंग करून (पूड दाबून वड्या पाडून पुन्हा भरडून) घनता ०.६ वर आणा, म्हणजे ०.८३ मिलीत ०० भरते. साइज बदलल्याचं अर्जातच दाखवा. भरायच्या खोलीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पावसाळ्यात हा घन डोसिंग डिस्कला (भरायच्या मशीनची माप घेणारी चकती) चिकटतो आणि वजन कमी भरतं. त्याहून फार खाली मात्र नेऊ नका, जिलेटिनची टोपी तडकते.