एएफएलमधले क्लब १८ वर्षांच्या पोराला कसं घडवतात? सांगलीतल्या संघाला त्यातलं काय घेता येईल?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. १७ ते २० वयाच्या कबड्डीपटूंसाठी दोन वर्षांची आखणी करायची आहे. आपल्याकडे चढाईपटू जरा चमकला की १८व्या वर्षीच खुल्या गटात उतरवतात. दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा सुरू झाल्या की एका दिवसात तीन-तीन सामने, आणि शिमग्यापर्यंत पोरगं मांडी नाहीतर गुडघा धरून बसतं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्येही (त्यांची सर्वोच्च व्यावसायिक लीग म्हणजे एएफएल) १८ वर्षांची मुलं थेट व्यावसायिक क्लबात येतात आणि समोर ९०-१०० किलोचे मुरलेले गडी असतात. तिथे पहिली दोन वर्षं नेमकं काय करतात? सामने किती देतात, धावणं आणि वजन कसं वाढवतात, कुठल्या जागी खेळवतात? ढोबळ सल्ला नको, तपशील हवा.

हाफबॅक_कराड
आधी रचना सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

एएफएलमध्ये सध्या १८ क्लब आहेत. मुलांची निवड नोव्हेंबरच्या राष्ट्रीय ड्राफ्टमधून (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं) होते आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलगा १८ वर्षांचा व्हावा लागतो. गुणतक्त्यात तळाला असलेल्या क्लबाला पहिला हक्क. निवडलेल्या मुलाला किमान दोन वर्षांचा करार मिळतो, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. पहिल्या हंगामात एकही सीनिअर सामना खेळला नाही तरी तो यादीतून जात नाही, त्यामुळे प्रशिक्षकालाही घाई नसते आणि मुलगाही दुखणं लपवून खेळत नाही. आपल्याकडची निम्मी दुखापत या लपवण्यातून वाढते.

मैदानावर एका संघाचे १८ जण, शिवाय बदली खेळाडू. क्लबाच्या यादीत मात्र चाळीसेक नावं असतात. म्हणजे दर आठवड्याला जवळपास अर्धी यादी मुख्य संघाबाहेर राहते आणि ती दुसऱ्या फळीत खेळते. ही फळी राज्यपातळीवरच्या लीगमध्ये खेळते: व्हिक्टोरियातल्या क्लबांसाठी व्हीएफएल, दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल, पश्चिमेला डब्ल्यूएएफएल. दुसरी फळीही मुख्य संघाचीच पद्धत खेळते आणि मुलाला पुढे ज्या जागी लागणार आहे त्याच जागी उतरवते. हे पाळलं नाही तर ते सामने वाया जातात.

जागेबद्दल. मिडफिल्डर (मधल्या फळीतला) म्हणून घेतलेल्या मुलाला बऱ्याचदा आधी हाफबॅक (बचाव आणि मध्य यांच्यामधली जागा) किंवा हाफफॉरवर्डच्या (मध्य आणि आक्रमण यांच्यामधली जागा) कडेला ठेवतात. मध्यभागी धक्के चहूबाजूंनी येतात. हाफबॅकला बहुतेक खेळ डोळ्यांसमोर असतो, निर्णयाला अर्धा सेकंद जास्त मिळतो. कॉलिंगवूडचा निक डेकोस २०२२ साली हाफबॅकला खेळून रायझिंग स्टार (वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू) ठरला, पुढच्या हंगामात मध्यभागी गेला. कबड्डीत हेच करायचं तर नव्या बचावपटूला थेट कॉर्नर (बचावाच्या साखळीचं टोक) देऊ नका. अनुभवी कॉर्नरशेजारी ‘इन’ला उभं करा आणि साखळीत पकड शिकू द्या.

उंच मुलांना वेळ लागतो. मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमधला, पण ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) पहिल्यांदा आला २०१६ साली. पुढे २०२१ मध्ये मेलबर्नने विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता.

मिरज_फिजिओ
शरीराच्या बाजूचं मी लिहितो.

एएफएलमधला मिडफिल्डर एका सामन्यात साधारण १२ ते १५ किलोमीटर धावतो. ज्युनिअर स्पर्धेतून आलेल्या मुलाला पहिल्याच तयारीत सीनिअरइतकं पळवलं तर हाडं आधी बोलतात. पायाच्या मधल्या भागातल्या नॅव्हिक्युलर हाडाला, किंवा उंच मुलांच्या कमरेच्या मणक्याला ताणाने बारीक चीर पडते. म्हणून पहिल्या वर्षी सराव तोच, पण फेऱ्या कमी: सुरुवात सीनिअरच्या निम्म्यापासून, आणि आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. हा दहाचा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही, पण सुट्टीनंतर एकदम दुप्पट करणं नक्की चूक. पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर एका ठिकाणी दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी बंद. साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय किंवा सीटी लागतो.

हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) ही तिथली सगळ्यात नेहमीची दुखापत. तीन-चार आठवडे नुसतं मंद धावून अचानक सामन्यात पूर्ण वेगाने पळालं की स्नायू फाटतो. उपाय म्हणजे वेगाची सवय मोडू न देणं: आठवड्यातून दोनदा, नीट गरम झाल्यावर, ३० मीटरच्या ४ ते ६ धावा जवळजवळ पूर्ण वेगाने, मध्ये दोन-अडीच मिनिटं विश्रांती. जोडीला नॉर्डिक: गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पहिले दोन आठवडे एकदाच, २ सेट ५ वेळा. मग आठवड्यातून दोनदा, ३ सेट ६ ते ८ वेळा. नवख्याला यानंतर ४८ तास मांडी आखडते, म्हणून सामन्याच्या आधीचे दोन दिवस नॉर्डिक नाही.

जांघेसाठी एक स्वस्त चाचणी आहे. रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून २० पर्यंत फुगवा, उताणं झोपवून गुडघे वाकवा, पट्टा गुडघ्यांमध्ये ठेवून जोरात दाबायला सांगा, आकडा वहीत लिहा. सामन्यानंतर दोन दिवसांनी परत. नेहमीच्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा खाली आला किंवा दाबताना दुखलं, तर त्या आठवड्यात लाथा, वळणं, लंज (पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवणं) सगळं कमी. तुलना मुलाच्या स्वतःच्याच आकड्याशी करायची, शेजारच्याशी नाही.

वजन वर्षाला ४-५ किलो वाढलं तरी भरपूर. घाईने दहा किलो चढवलेला मुलगा वळताना गुडघा घालवतो. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडी वर धरा. ६५ किलोच्या मुलाला साधारण १०५ ग्रॅम. एक लिटर दुधात ३२ च्या आसपास, चार अंड्यांत २४, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२-१३, उरलेलं डाळ, उसळ आणि ज्वारीच्या भाकरीतून सहज भरतं. डबे विकत घ्यायची गरज नाही.

आणि डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला तर एएफएलमध्ये २०२१ पासून किमान १२ दिवस सामना नाही. कबड्डीत डोक्याला डोकं आपटणं नवीन नाही, आणि पाणी मारून लगेच चढाईला पाठवणं धोक्याचं आहे.

कृष्णाकाठ_सांगली
फिजिओ सर, कराडकर, मनापासून आभार. पट्ट्याची चाचणी उद्यापासून सुरू करतो. एक अडचण राहतेच: स्पर्धेत एका दिवशी तीन सामने असतात. आणि सगळा संघच तरुण केला तर एकत्र वाढतील का?

अजिंक्यतारा_सातारा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एएफएलच्या इतिहासातच आहे. गोल्ड कोस्ट हा नवा क्लब २०११ साली बहुतांशी कोवळ्या संघासह उतरला. पहिलाच सामना कार्लटनकडून ११९ गुणांनी हरला, हंगामात जिंकले तीन. वर्षभराने आलेल्या जीडब्ल्यूएसनेही (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) पहिल्या हंगामात दोनच जिंकले. हुशारीत पोरं कमी नव्हती. पण दर आठवड्याला अंगाने थोराड संघाशी खेळल्याने मार जास्त बसतो, आणि शेजारी उभं राहून “इकडे सरक” म्हणणारा कोणी नसतो.

उलट हॉथॉर्नने २००४ च्या ड्राफ्टमध्ये रफहेड, फ्रँकलिन आणि लुईस हे तिघे पहिल्या सात निवडींत घेतले. क्रॉफर्डसारखे मुरलेले खेळाडू त्यांच्यासोबत होते, आणि २००८ ला विजेतेपद मिळालं. तुमच्या सात जणांत विशीच्या आतले एका वेळी दोन, फार तर तीन ठेवा, आणि प्रत्येकाशेजारी एक जाणता.

तीन सामन्यांचं म्हणाल तर संघाचे नाही, मुलाचे सामने मोजा. पहिल्या वर्षी दिवसाला एकच पूर्ण सामना, दुसऱ्यात फक्त एक अर्ध, तिसऱ्यात विश्रांती. कोणता सामना कोणाचा हे आदल्या रात्री ठरवा, कारण मैदानावर गर्दी ओरडायला लागली की ठरवलेलं टिकत नाही. आयोजकांकडे बारा जणांची यादी देताना बाराच्या बारा खेळू शकतील असे न्या.

शिकवण्याची पद्धतही घ्या. तिथे बचाव, मध्य आणि आक्रमणाचे वेगळे प्रशिक्षक असतात, आणि शिवाय नव्या मुलांसाठी विकास प्रशिक्षक. तुमच्याकडे एवढी माणसं नसतील, पण एका जाणत्या माणसाकडे फक्त हेच काम द्या. मोबाईल अंतिम रेषेमागे उंचावर लावा, सामन्यानंतर मुलाला त्याच्या पाच-सहा क्लिप दाखवा, त्यातल्या निम्म्या बरोबर निर्णयाच्या. आधी त्याला बोलू द्या, “तुला काय दिसलं?” पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट द्यायची. चार सांगितल्या तर एकही उतरत नाही.

माणदेशी_धाव
वरचं सगळं पटलं, पण एक भर घालतो. एएफएलच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीचं चाचणी शिबिर) २० मीटर धाव, उभी उडी, २ किलोमीटर अशा चाचण्या होतात. आपल्याकडे कोणी त्याची नक्कल केली तर लवकर वयात आलेली पोरंच निवडली जातील. सतराव्या वर्षी दाढी आलेला मुलगा वेगवान दिसतोच. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. जो अजून वाढतोय त्याचा आकडा आज कमी आला म्हणून काढू नका.

आणि २१-२२ च्या पोरांवर फुली मारू नका. टिम केलीला जीलाँगने २०१७ च्या ड्राफ्टमध्ये घेतलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मार्लियन पिकेटला रिचमंडने २०१९ च्या हंगामाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमध्ये २७व्या वर्षी निवडलं आणि पहिलाच सीनिअर सामना त्याच वर्षीची ग्रँड फायनल. रिचमंड जिंकलं. तालुक्याच्या संघात खेळत राहिलेल्या अशा पोरांसाठी यादीत दोन जागा वेगळ्या ठेवा आणि हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, पुन्हा एकदा चाचणी घ्या.