क्रोनुला शार्क्स २०१६ : पडवीतली लाइट बंद करायचा हा काय प्रकार आहे?

वेंगुर्लेकर_सोमू
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा मामेभाऊ सिडनीत असतो, यंदा चतुर्थीला आला तो डोक्यावर आकाशी रंगाची टोपी घालून, त्यावर शार्क मासा. मला वाटलं हौस असेल, तर म्हणे हा आमच्या भागातला रग्बी लीगचा क्लब, क्रोनुला शार्क्स. मग काय, आरती झाली की ओटीवर बसून मोबाईलवर त्यांची २०१६ ची फायनल दाखवायचा, पाच दिवसांत तीन वेळा बघितली असेल आणि अजून मला कोण कोणाला का पाडतंय ते समजलेलं नाही.
जायच्या आदल्या दिवशी मात्र कहर केला. तिसऱ्यांदा फायनल संपली, हा उठला, पडवीतली लाइट घालवली आणि एकटाच खो खो हसत बसला. तिन्हीसांजेची वेळ, आजी आतून ओरडली की लक्ष्मी यायच्या वेळेला काळोख कोण करतोय, तर म्हणतो कसा "आजी, आता बंद केली तरी चालते, शार्क्स जिंकले!" आणि नीट सांगितलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी मोप्यावरून विमान पकडून गेला.
तर लाइटचा आणि रग्बीचा काय संबंध? आणि एकदाच तर जिंकलेत म्हणे, त्याचं एवढं काय कौतुक?

बोनस_लाईन
लाइटचं माहीत नाही, खेळ सांगतो. चिपळूणला कबड्डी खेळलोय, पुण्याला नोकरीला असताना एका मित्राने हा खेळ बघायला लावला आणि मी पाच मिनिटांत म्हटलं, अरे ही तर आपलीच कबड्डी, फक्त मध्ये एक असोला नारळ दिलाय. हसू नको, चेंडूचा आकार बघ.
तेरा विरुद्ध तेरा, ऐंशी मिनिटं. नारळ घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात, ४ गुण. त्यानंतर खांबांच्या मधून लाथ मारून पाठवला की अजून २. हाताने पास फक्त मागे द्यायचा, पुढे नाही, पुढे न्यायचा तर स्वतः पळ नाहीतर पायाने मार. आता पकड. ज्याच्याकडे नारळ त्याला समोरचे तिघे चौघे मिळून पाडतात, पाडला की तो उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि परत चालू, तोवर पाडणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचं. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्या टीमला. म्हणून पाच झाल्या की बहुतेक वेळा चेंडू लांब मारून टाकतात.
ऑलिंपिकमध्ये दिसते ती रग्बी वेगळी, ती युनियन, तिच्यात पकड झाली की चेंडूसाठी झोंबाझोंबी चालूच राहते, सहाचा हिशेब नाही. दोघांची फारकत १८९५ ला इंग्लंडच्या उत्तरेत झाली, कारण काय तर तिथले खेळाडू गिरणी-खाणीतले कामगार, मॅचसाठी पाळी बुडली तर तेवढी मजुरी भरून द्या म्हणाले आणि वरच्या साहेब लोकांना ते पटलं नाही. गिरणीवाल्यांचा खेळ म्हटल्यावर कोकणी माणसाने लीगच्याच बाजूने राहायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत.

सिडनीत_देवगडकर
तुझा मामेभाऊ बहुतेक आमच्या ट्रेनला असतो 😄 क्रोनुला म्हणजे सिडनीच्या दक्षिणेला, लाइनीचं शेवटचं स्टेशन, उतरलं की चालत समुद्र. मी इथे २००९ पासून आहे.
आता लाइटचं. क्लब पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत आला १९६७ ला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट मेलबर्नच्या बाजूला शेव्हियट बीचवर पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत. खरोखर, चालू पंतप्रधान समुद्रात गेला आणि देह पण मिळाला नाही. (पुढे मेलबर्नमध्ये त्यांचं नाव कशाला दिलं तर पोहण्याच्या तलावाला. आपल्याकडे असं केलं असतं तर मोर्चा निघाला असता.) तर जॅक गिब्सन म्हणून इथला फार नावाजलेला कोच, त्याच्या नावावर बोललं जातं की क्रोनुला जिंकायची वाट बघणं म्हणजे होल्ट परत येतील म्हणून पडवीतली लाइट चालू ठेवणं. गंमत म्हणजे पुढे १९८५ ते ८७ हाच गिब्सन क्रोनुलाचा कोच होता आणि तेव्हाही नाहीच जिंकले.
नशीब बघ, १९७३ ची फायनल मॅनलीकडून (सिडनीतलाच दुसरा क्लब) १०-७ ने हरले. १९७८ ला परत मॅनली, ११-११ बरोबरी, फायनल पुन्हा खेळवली त्यात १६-०. १९९७ ला स्पर्धाच फुटून दोन झाल्या होत्या, त्यातल्या एकीच्या फायनलला ब्रिस्बेनकडून हरले. २०१४ ला तर सगळ्यात शेवटचा नंबर, ऑफिसात शार्क्सवाल्याला कोणी चहासुद्धा विचारत नव्हतं.
आणि तिथून दोन वर्षांत २०१६. सलग १५ मॅच जिंकले रे, सोळावी बरोबरीत सुटली. तरी इथले जुने लोक बोलतच नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. आणि लागलीच की, त्यानंतर हरायला सुरुवात, साखळीच्या शेवटच्या मॅचला मेलबर्न स्टॉर्मने हरवलं आणि पहिला नंबर गेला, तिसरे राहिले. बाद फेरीत कॅनबेराला त्यांच्याच घरी १६-१४, दोन गुणांनी वाचले. मग आदल्या वर्षीचे चॅम्पियन नॉर्थ क्वीन्सलँड, त्यांना ३२-२०.
फायनल २ ऑक्टोबरला, समोर परत मेलबर्न. ८३ हजारांवर माणूस. मी घरी टीव्हीवर, बायको म्हणाली जेवायला चल, मी म्हटलं आत्ता उठलो तर हरतील. मध्यंतराला ८-०. नंतर मेलबर्नने दोन ट्राय मारून १२-८ केलं आणि मनात म्हटलं झालं, लाइट चालूच ठेवा. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असतील, अँड्र्यू फिफिटाने रेषेजवळ चेंडू घेतला, अंगावर तीन चार जण लटकलेले, तसाच त्यांना घेऊन लोळत हात पुढे काढून टेकवला. १२-१२. जेम्स मलोनीने वरचे दोन मारले, १४-१२.
पण खरी मजा त्यानंतर. वेळ संपली तरी चेंडू मेला नव्हता, म्हणजे खेळ चालूच, मेलबर्नवाले या टोकापासून त्या टोकापर्यंत पास देतायत आणि क्रोनुलावाले रापण ओढल्यासारखे एका रांगेत इकडून तिकडे धावतायत. एक भोक पडलं असतं तर संपलं होतं. नाही पडलं. शेवटी पाडला. माझं जेवण राहिलं ते राहिलंच.
तेव्हाचा कॅप्टन पॉल गॅलन, २००१ पासून याच क्लबात होता. तो तिथेच माईकवर म्हणाला की पडवीतल्या लाइटी बंद करा, आम्ही कप घेऊन घरी येतोय. तुझ्या भावाने तेच केलं.

खाडीपलीकडे
गोष्ट छान, पण २०१४ ला तळाला का गेले ते गाळलंत देवगडकर. २०११ च्या हंगामात क्लबमध्ये खेळाडूंना इंजेक्शनं दिली गेली, त्या पेप्टाइडच्या (बंदी असलेलं औषध) प्रकरणात २०१४ ला बऱ्याच जणांनी बंदी मान्य केली, त्यात तुमचा गॅलन पण. कोच शेन फ्लॅनगन त्या वर्षी निलंबित. आणि निलंबित असताना क्लबशी संपर्क ठेवला हे २०१८ च्या शेवटी बाहेर आलं तेव्हा त्याची नोंदणीच काढून घेतली. चॅम्पियन कोच तोच ना? मग गणपतीसारखा मखरात कशाला बसवायचा हा क्लब.

सिडनीत_देवगडकर
गाळलं हे खरं, मुद्दामच गाळलं, क्लबवाला आहे मी. पण चुकीचं काही बोलला नाहीत. एवढंच म्हणेन की २०१६ च्या टीममध्ये बरेच जण नंतर आलेले, मलोनी, बेन बार्बा, मायकल एनिस, यांचा २०११ शी काही संबंध नाही. एनिस तर ती फायनल खेळून निवृत्तच झाला. गॅलनबद्दल इथे पण अर्ध्या लोकांना राग आहे, ती मॅच बघताना माझ्या शेजारच्याला पण होता, तरी शेवटी रडला तो.

बोनस_लाईन
कबड्डीत आमच्या वाडीच्या मंडळाला फायनलला हरायची सवय आहे, चार वेळा हरलोय, त्यातली एक शेवटच्या चढाईला. त्यामुळे शेजाऱ्याचं रडणं मला समजतं. इंजेक्शनवाल्यांचं समर्थन नाही.
एक शंका, फिफिटाने तो ट्राय मारला तर सामन्याचा मानकरी तोच असेल ना?

सिडनीत_देवगडकर
नाही, ल्यूक लुईसला मिळालं, क्लाइव्ह चर्चिल मेडल म्हणतात त्याला. त्यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात, त्यात पडू नको.

वेंगुर्लेकर_सोमू
धन्यवाद मंडळी, नारळाने डोक्यात प्रकाश पडला. काल रात्री चौथ्यांदा फायनल बघितली आणि ती शेवटची पळापळ बघताना मी पण उठून उभा राहिलो, पुढे काय होणार ते माहीत असून.
आजीला सगळं समजावून सांगितलं, क्लब, पंतप्रधान, समुद्र, सगळं. नीट ऐकून घेतलंन. मग विचारते, "तो माणूस मगे गावलो काय?" म्हटलं नाय गे आजी, नाय गावलो. तर म्हणते, "मगे लाइट कित्याक घालवल्यान?"