त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सहा दिवस सिंधुदुर्गात आहे. तुम्ही स्वतः कुठे जाल?

परुळ्याची_नात

नमस्कार मंडळी. माझं आजोळ परुळं. राहते ठाण्यात. यंदा बऱ्याच वर्षांनी मे महिना सोडून वेगळ्या वेळी गावी जायला मिळतंय. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचणार आणि सहा दिवस राहणार. बरोबर मुलगी आहे, अकरा वर्षांची. चित्रं काढते, आणि गाणं कानावर पडलं की हातातलं काम टाकून ऐकत बसते.

किनारे, किल्ले, मासे यांची माहिती भरपूर मिळाली. मला विचारायचंय ते इथल्या कलेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना. वाजवणारे, शिकवणारे, गावात कार्यक्रम घडवून आणणारे, असे कितीतरी जण इथे लिहितात. तुमच्या हातात हेच सहा दिवस असते, तर तुम्ही स्वतः कुठे गेला असतात? लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून पाहिलेला दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं पुराणातलं नाटक, मला अर्धामुर्धाच आठवतो. काळ्या कपड्यातला संकासूर तेवढा पक्का लक्षात आहे. लेकीला तो दाखवायचाच आहे.

पायपेटी

ताई, तुम्ही अगदी बरोबर दिवसांत येताय. मी बावीस वर्षं दशावतारात पेटी वाजवली. आता रात्रीची जागरणं झेपत नाहीत म्हणून गावच्या वाचनालयात मुलांना भजन आणि पेटी शिकवतो, आणि आमच्या देवळाच्या जत्रेची व्यवस्था बघणाऱ्यांत आहे. त्यामुळे लिहितोय ते सगळं एका पेटीवाल्याच्या जागेवरून दिसलेलं आहे असं धरून चाला.

कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि मग कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे जत्रा असते. जत्रा तिथीवर, म्हणून तारखा दरवर्षी बदलतात. पौर्णिमेच्या सुमाराला सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा येते. ती मोठी, गर्दीही तेवढीच. एकदा जरूर बघा, पण दशावतार ऐकायचा असेल तर माझी निवड वेगळी आहे. परुळ्याच्या आसपास जे लहानसं देऊळ असेल, जिथे दोन-तीनशे माणसं जमतात, तिथे जा. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या सहा दिवसांत कुठली तिथी कुठल्या देवळाची, हे तुमच्या आजोळच्या वाडीत कुणालाही तोंडपाठ असेल. एवढंच विचारा: "मंडळ कुठला येतला?" मंडळ म्हणजे दशावतार करणारा नटसंच. मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर, पार्सेकर, यांपैकी नाव कानावर पडेल. कितीतरी देवळांत ठरलेल्या जत्रेला ठरलेलंच मंडळ येतं आणि हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

आता महत्त्वाचं. मुंबई-पुण्याची माणसं हल्ली जत्रेला येतात याचा मला आनंदच आहे. पण गणपती झाला, संकासूर नाचून गेला, त्याचा व्हिडिओ काढला की दीड-दोनला उठून जातात. ताई, तसं करू नका. तो आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. सूत्रधार येतो, ऋद्धी-सिद्धीसह गणपती येतो, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद चोरणारा संकासूर आणि त्याला मारणारा विष्णू. ते सगळं हवंच, त्यावाचून खेळाला उभं राहता येत नाही. पण आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य कथा, त्यानंतर लागतं, आणि आख्यानाचा जीव पहाटे तीन-चारच्या पुढे आहे.

त्याचं कारण सांगतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मंडळ देवळात पोचलं की आज कुठलं आख्यान करायचं आणि कुणी काय व्हायचं ते ठरतं. संवाद ज्याचे त्याने उभ्या जागी रचायचे. त्यामुळे सुरुवातीला दोन नट एकमेकांचा अंदाज घेत बोलतात. रात्र चढली की बोलणं चढतं. राजा एक शास्त्रार्थ टाकतो, ऋषी त्याला दुसरं पुराण काढून उत्तर देतो, आणि म्हाताऱ्या बायका पुढे बसून मान डोलावतात, कारण त्यांना ती पुराणं नटाइतकीच येतात. चुकला तर तिथल्या तिथे कळतं.

पेटीवाल्यालाही कागद नसतो. पद कधी उचलणार, कुठल्या पट्टीत उचलणार, हे नटाच्या तोंडावरून ओळखायचं. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा नट वरच्या पट्टीत, काळी चारमध्ये गाणारा असतो, समोरचा राजा खालच्या काळी दोनचा, आणि दोघांची पदं पाठोपाठ येतात. मी नवा असताना खाली मान घालून वाजवायचो. आमच्यातले एक जुने नट मला म्हणाले, "पेटी वाजवतंस मा? मगे माणसाच्या तोंडाकडे बघ, बोटांकडे बघू नको." मग मला कळू लागलं. एक नट पद घ्यायच्या आधी बाकाच्या कडेवर दोन बोटं टेकवायचा. दुसरा उजवा पाय जरा मागे घ्यायचा. बावीस वर्षांत मी नाटक फारसं पाहिलं नाही, पण पाय आणि बोटं पाहिली.

मधे ठेवलेला लाकडी बाक बघा. त्या एका बाकाचं सिंहासन होतं, रथ होतो, कैलास होतो, आणि हरिश्चंद्राच्या आख्यानात स्मशान होतं. हल्ली ट्रिकसीनवाले प्रयोगही फार होतात, धूर येतो, नाग येतो. मुलांना ते आवडतं, त्यावर पोट चालतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लेकीला पहिल्यांदा दाखवताय, तर एक बाक आणि मागे एक पडदा असलेलंच दाखवा.

पहाटे तीनच्या सुमाराला दव पडायला लागतं. पखवाजाची शाई गार पडते, सूर उतरतो, आणि पखवाजवाला हातोडी काढून वाद्या ताणणारे लाकडी गट्ठे ठोकायला घेतो. नेमकं त्याच वेळी वर तारामती रोहिदासाला मांडीवर घेऊन बसलेली असते. एका जत्रेला अशाच वेळी वीज गेली. कुणी ओरडलं नाही. तारामती झालेला नट थांबलाच नाही, तो त्याच स्वरात बोलत राहिला. देवळातून दोघांनी समया आणून बाकाच्या दोन टोकांना ठेवल्या. मला पेटीच्या पट्ट्या दिसत नव्हत्या, फक्त त्याच्या हातातल्या बांगड्या आणि समईचा उजेड. बोटांनी चाचपून पद वाजवलं. वीज केव्हा परत आली ते आठवत नाही.

उजाडताना दहीकाला होतो. तोवर थांबा. आणि आरतीचं ताट तुमच्या पुढ्यात आलं की त्यात घसघशीत घाला. मंडळाला देवस्थानाकडून नाईट, म्हणजे रात्रीचं मानधन मिळतं, ती दहा-बारा माणसांत वाटली की प्रत्येकाच्या हातात काय राहत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. आमच्याकडे जुनं बोलणं आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचे. आता टेम्पो आहे, पण सकाळी पेटारा उचलणारा तोच असतो जो रात्री राजा झाला होता.

रंगखडू

पेटीकाकांनी रात्रींचं सांगितलं, मी दिवसांचं सांगते. सावंतवाडीला चित्रकला शिकवते. मुलगी चित्रं काढते म्हणालात, तर एक सकाळ सावंतवाडीच्या राजवाड्यासाठी ठेवाच. तिथे गंजिफा रंगवणारे कलाकार काम करताना बघायला मिळतात. गोल पत्ते, तळहातात मावतील एवढे. दशावतारी गंजिफेत 120 पत्ते: दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. ही कला बंद पडायच्या बेतात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याकडून शिकून ती पुन्हा उभी केली. मी माझ्या विद्यार्थ्यांना तिथे नेते तेव्हा वही काढू देत नाही. आधी एकच पत्ता पाच मिनिटं बघायचा, रेघ कुठून सुरू झाली असेल ते शोधायचं. अकरा वर्षांच्या मुलीला हे सहज जमेल.

दुसरी जागा पिंगुळी, कुडाळच्या जवळच. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथीच्या पोथीतली चित्रं एकामागून एक दाखवत कथा गायची असते. भिंतीवर टांगलेली बघू नका. कुणी गाऊन दाखवणार असेल तर थांबा, त्याचं मानधन द्या, आणि मग ऐका. डोळे मोठे, चेहरा बाजूने काढलेला, आणि आवाज आला की तेच चित्र हलायला लागतं. मला स्वतःला वर्षातून एकदा तिथे गेल्याशिवाय चैन पडत नाही.

जमल्यास आधी पिंगुळी करा आणि त्याच रात्री जत्रा. पुराणातली तीच माणसं एकाच दिवसात कागदावर, दोरीवर आणि बाकावर भेटतील.

डिचोलीकार

पौर्णिमेचीच रात्र मोकळी असेल तर गोव्यात साखळीला या. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेला नौकांचा उत्सव असतो. पोरंटोरं, मोठी माणसं महिनाभर खपून होड्या बनवतात, त्यात दिवे लावतात आणि नदीत सोडतात. त्यांची स्पर्धाही होते. परुळ्याहून लांब पडेल, पण गाडी असेल तर संध्याकाळी निघा. काठावर लवकर जागा धरा.

नाताळात पुन्हा येणार असाल तर शिवोलीचा जागर, तिथलं लोकनाट्य, लक्षात ठेवा. नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी. हिंदू आणि ख्रिस्ती घरं मिळून तो करतात, माझ्या आवडीत तो सगळ्यांत वरचा.

परुळ्याची_नात

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं. साखळी आणि पिंगुळी नक्की. पेटीकाका, दोन गोष्टी विचारते. मुलगी चारपर्यंत जागी राहील का, याची धास्ती आहे. आणि नट रंग लावतात ते बघायला आम्ही बायकामाणसं गेलो तर चालतं का? लहानपणी आजी तिकडे जाऊ द्यायची नाही.

पायपेटी

चालतं, ताई. विचारून जा, एवढंच. आठ-नऊच्या सुमाराला, जेवणं व्हायच्या आधी. देवळाच्या एका बाजूच्या पडवीत किंवा शेजारच्या घराच्या ओटीवर मंडळ उतरलेलं असतं. पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा होते, तेव्हा चपला बाहेर काढा. मोबाईल लगेच वर करू नका, आधी बसा. प्रत्येक जण आपला रंग आपणच लावतो. पेटाऱ्याला टेकवलेला हातभर आरसा, शेजारी बल्ब, आणि मांडी घालून बसलेला माणूस. दिवसा तो रिक्षा चालवत असेल नाहीतर काजूच्या बागेत कामाला जात असेल. भुवई काढताना तो श्वास धरतो. तुमची लेक चित्रं काढते ना, तिला हे बघायला सांगा. दोन्ही भुवया सारख्या येईपर्यंत कुणी त्याच्याशी बोलत नाही. मग नऊवारी नेसायला घेतो, आणि नेसून उभा राहिला की आवाज बदललेला असतो. मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं, तरी तो आवाज नेमका कधी बदलतो हे मला पकडता आलेलं नाही.

जागरणाचं म्हणाल तर तिला दुपारी तीन तास झोपवा. रात्री पालखी निघते, ती बघू दे. खाजं घेऊन द्या. मग पूर्वरंग संपेपर्यंत ती जागी राहीलच, संकासूर तिला झोपू देणार नाही. त्यानंतर झोपली तर झोपू दे तिथेच, चटई आणि जाड शाल न्या, दव फार पडतं. आमच्याकडे सगळी मुलं जत्रेत अशीच झोपतात. कानावर पेटी आणि झांज पडत राहते. तुम्हीही आजीच्या मांडीवर तशाच झोपलात आणि संकासूर लक्षात राहिलाच की. साडेतीनला तिला हलकेच उठवा.

बसायला डावीकडची जागा धरा, वाजवणाऱ्यांच्या जवळची. तिथून नटाचं तोंड आणि पेटीवाल्याचे हात दोन्ही दिसतात. तिला गाण्याचं वेड आहे म्हणून सांगतो. आणि कुठलं देऊळ, कुठलं मंडळ ते कळलं की इथे लिहा. आमच्या वर्गातला एक मुलगा यंदा पहिल्यांदाच एका मंडळात पेटीला बसतोय, सतरा वर्षांचा आहे. तुमची तिथी त्याच्या मंडळाशी जुळली तर मीही येईन, शाल घेऊन, मागे बसायला.