'नेश'ला मराठीत काय म्हणाल?

अडलेला_गडी: डर्बीशायरमधल्या खाणकामगारांवरची एक जुनी कथा मराठीत आणतोय. पोरगं स्वेटरवर स्वेटर चढवून शेकोटीला चिकटलंय आणि बाप त्याला 'नेश' म्हणतो. शब्द तिकडच्या बोलीतला, मिडलँड्स-लँकेशायरकडचा. 'नाजूक' लिहिलं तर टोमणा जातो, 'शेळपट' लिहिलं तर थंडी जाते. सुचवा.

पुणेरी_जोडा: नाजूकच की! फारसी 'नाजुक'च सोजिरांनी विलायतेला नेला असणार.

शब्दपिसाट: ईस्ट इंडिया कंपनी निघायच्या किमान पाचशे वर्षं आधी तो तिथे होता, साहेब. जुन्या इंग्रजीत 'ह्नेशे', म्हणजे मऊ. पुढे 'ह' गळाला. 'ह्नुतु'चा नट, 'ह्रिंग'चा रिंग झाला तसाच. चौथ्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे इंग्रजीच्या एका जुन्या नातलग भाषेतल्या, बायबलात त्याचा भाऊ 'ह्नास्कुस' आहे, मत्तयच्या 11व्या अध्यायात, मऊ कपड्यांबद्दल. जोसेफ राइटचा सहा खंडी बोलीकोश (1898–1905) चाळा. हा राइट गिरणीतला पोऱ्या, पंधराव्या वर्षी वाचायला शिकला!

नॉटिंगहॅमकर: कोश राहू द्या. ऑक्टोबरात कानटोपी घातली की कामावरचे लोक मला हेच ऐकवतात. मऊबिऊ काही नाही, थंडी सोसत नाही एवढाच अर्थ.

मावळची_माय: आमच्या आत्या म्हणायच्या, "धाकटा थंडीला भारी हळवा गं." घ्या, झालं काम.

पुणेरी_जोडा: हळवा म्हणजे सिनेमा बघून रडणारा. खाणकामगाराच्या तोंडी शोभेल?

मावळची_माय: अहो, तुमच्या सिनेमाच्या कितीतरी आधीपासून हळवं भात आहे. लवकर येतं ते हळवं, उशिरा येतं ते गरवं.

शुद्धमती: 'शीतभीरू' घडवता येत असताना ही उसनवारी कशाला? 'नाजूक'सुद्धा परकाच.

नॉटिंगहॅमकर: बाप 'शीतभीरू' म्हणाला तर पोरगं हसूनच गरम होईल.

शुद्धमती: हसा. अशानेच भाषा जाते.

खाचरवाला: भांडा तुम्ही. पण हळवं नुसतं लवकर येतं म्हणून लावत नाहीत हो. वरच्या खाचरात पाणी टिकत नाही, तिथे पाऊस संपायच्या आत तयार होणारंच हवं. गरवं खाली, पाण्यात.

अडलेला_गडी: "एवढा काय रे थंडीला हळवा!" असं केलं तर?

पुणेरी_जोडा: खाचरवाले, मग निमगरवं कुठे लावता?

खाचरवाला: मधे.